पालीचे पटांगण

मुंबईहून गोव्याकडे निघालेला प्रवासी हातखंब्याला पोहोचला, की उजव्या हाताला रत्नागिरी शहराचा रस्ता फुटतो. तेथून काही किलोमीटर पुढे पाली लागते. या टप्प्यात गोव्याचा आणि कोल्हापूरचा असे दोन महामार्ग एकाच रस्त्याने चालतात आणि पालीला वेगळे होतात. एक लांज्यावरून राजापूरकडे जातो, दुसरा डावीकडे वळून नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढतो. घाटावरचा गूळ आणि कडधान्ये या वळणाने कोकणात उतरतात. आंबा आणि काजू येथूनच वर जातो. अशा नाक्यावर दुकान टाकावे, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. घाटावरून माल घेऊन आलेली काही माणसे मालाच्या रिकाम्या गाडीबरोबर परत गेली नाहीत, येथेच राहिली. ज्या कुटुंबाची ही हकिकत आहे, तेही त्यांतलेच.

पालीची ओळख सांगणारे बहुधा या दोन रस्त्यांपाशी आणि लक्ष्मीपल्लीनाथाच्या देवस्थानापाशी थांबतात. वस्तीच्या आत शाळेचे जे पटांगण आहे, त्याचा उल्लेख कोणी करीत नाही, आणि करण्यासारखे तेथे काही नाहीही. जांभ्याची तांबडी माती, कडेला एक लोखंडी घसरगुंडी, एक झोका, यष्ट्यांच्या जागी उभे केलेले तीन दगड आणि कुंपणाला लागून आपोआप वाढलेली सदाफुली. पावसाळ्यात तेथे चिखल असतो, उन्हाळ्यात फुफाटा. घरापासून ते चालत पाच मिनिटांवर आहे. ते पाच मिनिटांचे अंतर या कुटुंबाला सतरा महिने पार करता आले नव्हते.

सतरा महिन्यांपूर्वी, भाद्रपदात, चार वर्षांच्या धाकट्या मुलाच्या नडग्यांवर निळे डाग दिसू लागले. मूल दिवसभर पटांगणावर असे, तेव्हा खेळताना लागले असेल, हे साऱ्यांचे मत पडले. आईने त्याला दोन दिवस घरात बसवले. जुने डाग फिकट होण्याआधी नवे उमटले. मग पाय दुखू लागले, ताप येऊ-जाऊ लागला, आणि मुलाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. रत्नागिरीला रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी अतोनात वाढलेल्या आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट अगदी थोड्या उरलेल्या निघाल्या. त्या दिवशी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने आई-वडील मुलाला घेऊन दादरला निघाले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आठवड्याभरात आजाराचे नाव निश्चित झाले: तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग म्हणतात तो हाच, आणि लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत तो सर्वांत अधिक आढळतो.

पटांगणावर विनाकारण आळ आला होता, हे आईला तेव्हा कळले.

या आजाराविषयी सांगण्यासारखी चांगली गोष्ट ही, की तो आज मोठ्या प्रमाणात बरा होतो. संपन्न देशांत सुमारे नव्वद टक्के मुले त्यातून पूर्णपणे बाहेर पडतात. मात्र त्याची किंमत वेळेत द्यावी लागते. उपचार दोन ते अडीच वर्षांचे असतात. पहिले काही महिने तीव्र मात्रेचे. पुढे दीर्घ काळ घरी राहून रोज एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसरी गोळी आणि ठरावीक अंतराने रक्ताची तपासणी. मूल बरे दिसू लागले म्हणून मधेच उपचार सोडणारी कुटुंबे असतात. पैसा, अंतर, घरची शेती किंवा दुकान, अशी कारणे प्रत्येकाची खरीच असतात, पण आजार ती ऐकून घेत नाही.

परळचे आठ महिने या कुटुंबाने लालबागला एका नातेवाइकाच्या खोलीत काढले. तेवढे ज्यांना नव्हते, त्यांचे संसार रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मांडलेले त्यांनी रोज पाहिले. काहींना गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत जागा मिळे. काहींना २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटरमध्ये. तेथे बाहेरगावाहून आलेल्या मुलाला आई-वडिलांसह विनामूल्य खोली मिळते, स्वयंपाकघर सामाईक असते आणि उपचारांच्या काळात मुलांना शिकण्याची व खेळण्याची सोय असते. लालबागच्या खोलीत तशी सोय नव्हती. खिडकीतून चाळीचा चौक दिसे आणि चौकात मुलांचा खेळ. पालीच्या मुलाने आठ महिने तो खेळ गजांमागून पाहिला. आई रोज दुपारी खिडकी लावून घेई. आवाज मात्र येतच राही.

रुग्णालयापासून जवळच, परळलाच, हाफकिन संस्था आहे. तिच्या फाटकावरून ही मंडळी शेकडो वेळा गेली असतील. त्या आवाराचे आणि या मुलाच्या साप्ताहिक गोळीचे जुने नाते आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तेथे संशोधनासाठी आली. मुंबईच्या गिरणीकामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांना एक विलक्षण रक्तक्षय होत असे. त्याचे मूळ त्यांच्या आहारात आहे, हे तिने ओळखले, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे आज फॉलिक अॅसिड म्हणून प्रत्येक गरोदर स्त्रीला देतात ते द्रव्य. नव्या पेशी घडायला ते लागते. पुढे बोस्टनच्या सिडनी फार्बरने उलटा विचार केला: ल्युकेमियाच्या पेशी बेसुमार वाढतात, तर त्यांना हे द्रव्य मिळूच देऊ नये. फॉलिक अॅसिडला अडवणारी औषधे ज्या प्रयोगशाळेत बनली, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ साली फार्बरने १६ मुलांवरच्या उपचारांचा वृत्तांत छापला. त्यांतील १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. त्याआधी हा आजार मागे हटणे फारच विरळा होते. मेथोट्रेक्सेट नावाची ती पिवळी गोळी त्याच घराण्यातली. पालीच्या घरात ती दर शुक्रवारी देव्हाऱ्याखालच्या फळीवरून निघते.

आठ महिन्यांनी कुटुंब पालीला परतले, तेव्हा मृगाचा पाऊस लागला होता. दुकान इतके दिवस थोरल्या काकांनी आणि नोकराने कसेबसे चालवले होते. वडिलांनी गल्ल्यावर बसल्यावर पहिले काम केले ते असे: एक कोरा रोजमेळ घेतला, आणि त्यात मालाऐवजी मुलाचे रक्त लिहायला सुरुवात केली. तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, प्लेटलेट. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी. त्या ५०० च्या खाली गेल्या की घराचे दार बंद. हजाराच्या वर आल्या की थोडी मोकळीक. गोळ्यांची मात्राही याच आकड्यांवरून मुंबईचे डॉक्टर कमीजास्त करतात, कारण गोळ्यांचे काम पेशींना आवरण्याचे असते. आकडा फार वर गेला तरी चालत नाही. व्यापाऱ्याला जमा-नावे समजते. या वहीत शिल्लक फार वाढली तरी चिंता आणि घटली तरी चिंता, हा हिशेब मात्र त्यांनी जन्मात केला नव्हता.

ताप १००.४ ला पोहोचला, की इतर काही न पाहता रुग्णालय गाठायचे, हा दुसरा नियम. पालीहून रत्नागिरी वीस किलोमीटर. वडील गाडीची टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देत नाहीत. पावसाळ्यात दोनदा मध्यरात्री तो रस्ता करावा लागला.

घरातले तिसरे कठीण प्रकरण आजीचे होते. स्टेरॉइडच्या दिवसांत मुलाला अशी भूक लागे, की ते रात्री दोन वाजता उठून जेवण मागे. आजीच्या चुलीला लग्नापासून सूर्यास्तानंतर विस्तव ठाऊक नव्हता. पाणी उकळून, गाळून पिणे, शिळे न खाणे, फळे धुऊन-पुसून घेणे, या डॉक्टरांच्या सूचना ऐकून ती थोडी हसलीच होती. तिच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. रात्रीच्या भुकेचे काय, हे मात्र सुनेने तिला विचारायचे धाडस केले नाही. पहिल्या रात्री सून अंधारात बिस्किटाचा डबा शोधत होती, तेव्हा स्वयंपाकघराचा दिवा लागला. आजीने मुगाची खिचडी टाकली. “व्रत माझं आहे, त्याचं नाही,” एवढेच ती म्हणाली, आणि ताट वाढून देऊन स्वतः पाण्याचा घोटही न घेता जपाला बसली. धर्म लहान मुलावर आणि रोग्यावर सक्ती करीत नाही, हे सर्वांना माहीत असते. ते मध्यरात्री चूल पेटवून अमलात आणणे निराळे.

गावाने काय केले, तेही सांगितले पाहिजे. सुरुवातीला काहींनी आपली मुले या घरापासून दूर ठेवली. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे शिकलेल्या माणसांनाही प्रत्येक वेळी आठवत नाही. भीतीची दिशा येथे नेमकी उलट होती. या मुलापासून कोणाला काही होणार नव्हते. दुसऱ्याची साधी सर्दी मात्र त्याला अंथरुणाला खिळवू शकत होती, आणि कांजिण्या किंवा गोवर जिवावर बेतू शकले असते. कांजिण्या झालेल्या मुलाजवळ तो नुसता बसला, तरी मुंबईला त्याच दिवशी कळवावे लागते. प्रतिबंधक उपचार पहिल्या काही दिवसांतच करायचे असतात. आईने हे शाळेतल्या बाईंना एकदा जाऊन सांगितले. तेव्हापासून वर्गातल्या कोणाच्या अंगावर पुरळ दिसले, की बाईंचा फोन येतो. मुलगा अजून त्यांच्या शाळेच्या पटावरही नाही.

पावसाळा चिखलात गेला. दिवाळीनंतर पटांगण वाळले, पण तेव्हा आकडे घसरले. मग महामार्गाच्या चौपदरीकरणाची धूळ आली. बांधकामाच्या धुळीत बुरशीचे बीजकण असतात. धडधाकट माणूस ते श्वासाबरोबर घेतो आणि विसरतो, पण ज्याच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, त्याच्या फुप्फुसात ते रुजू शकतात. वाऱ्याची दिशा पाहून खिडक्या उघडणारे घर पालीत हे एकच असावे.

माघातल्या एका शनिवारी रत्नागिरीहून अहवाल आला. न्यूट्रोफिल ११००, प्लेटलेट ९० हजार. दीड लाखाच्या खालची प्लेटलेट पूर्ण म्हणता येत नाही, पण एवढीवर मूल धावू शकते. वडिलांनी फोन केला. पलीकडून उत्तर आले: नेऊ शकता, फक्त गर्दी नको.

रविवारी सकाळी, आठ वाजण्याच्या सुमारास, दुकानाची फळी अर्धीच उघडून वडील बाहेर पडले. काजूला मोहोर होता. रात्रीचे दव मातीत मुरलेले असल्याने धूळ उडत नव्हती. ती वेळ आईने चार दिवस आधी पटांगणावर एकटीने येऊन, उभे राहून, ठरवली होती. तिच्या पिशवीत ओले फडके, कोरडे फडके, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि थर्मामीटर होता. आधी तिने झोक्याच्या साखळ्या पुसल्या, मग घसरगुंडीच्या पायऱ्या. मुलगा मुखपट्टी लावून उभा होता आणि काही बोलत नव्हता.

कुंपणाशी सदाफुली फुललेली होती, पांढरी आणि गुलाबी. या मुलाला शिरेतून जे व्हिन्क्रिस्टिन दिले जाते, ते याच झाडातून निघते. मधुमेहावरचा चहा म्हणून जमैकात तिची पाने वापरीत. कॅनडातल्या संशोधकांनी ती तपासली, तेव्हा साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि तेथून १९५८च्या सुमारास कर्करोगावरच्या औषधांचा माग लागला. हे वाचून कोणी पानांचा रस काढू नये. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सुमारे अर्धा टन वाळलेली पाने लागतात, आणि बाकी जे उरते, त्यात विषच पुष्कळ असते. या कुटुंबालाही तसा सल्ला देणारे भेटले होते. वडिलांनी त्यांना गूळ तोलून दिला आणि विषय बदलला. औषधाचा एक दोष असा, की ते नसांना दुखावते. मुलाची पावले त्यामुळे थोडी लोंबत. टाच टेकण्याआधी बोटे जमिनीला लागत.

म्हणून सहा पायऱ्यांच्या घसरगुंडीला वेळ लागला. वडील मागे हात धरून उभे होते, न धरल्यासारखे. वर पोहोचून मूल बराच वेळ बसून राहिले. मग घसरले, खाली आले, आणि वळून पुन्हा पायऱ्यांकडे गेले.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या वहिनी फाटकाशी आल्या. मागे त्यांचा मुलगा, केस नुकतेच विंचरलेले. त्या आत आल्या नाहीत.

“वहिनी, आमच्या ह्याला पाठवू का खेळायला? सर्दी-खोकला काही नाही. हातपाय साबणानं धुऊन आणलंय.”

हाच मुलगा मागच्या वर्षी या घराच्या ओट्यावर येईनासा झाला होता. आईने नवऱ्याकडे पाहिले. फक्त गर्दी नको, असे सांगितले होते. एक मूल म्हणजे गर्दी नव्हे. तिने मान हलवली.

दोघे मुलगे एकमेकांकडे पाहत उभे राहिले. सतरा महिन्यांत एकाला समोरचे दोन दात पडून नवे येऊ लागले होते, दुसऱ्याचे केस जाऊन पुन्हा आले होते, आधीपेक्षा दाट. मग शेजारचा म्हणाला, “तुझा नंबर आधी,” आणि पुढची वीस मिनिटे मोठ्या माणसांची तेथे काही गरज उरली नाही. आई तरीही मोजत होती: किती वेळ तोंडावरची पट्टी खाली सरकली, किती वेळा हात डोळ्यांकडे गेला.

पाचव्या की सहाव्या फेरीला, घसरगुंडीवरून उतरून मागे पळताना, मुलाचे लोंबते पाऊल जांभ्याच्या खड्यात अडकले आणि तो गुडघ्यावर पडला. शेजारच्या वहिनींच्या तोंडून “अगं बाई” निघाले. आई पोहोचली, तेव्हा गुडघ्याची साल गेली होती आणि रक्ताचे बारीक थेंब मातीत मिसळत होते. तिने पाणी ओतले, कोरडे फडके दाबून धरले. वडिलांनी घड्याळ पाहिले. आजार कळायच्या आधीच्या आठवड्यात या मुलाच्या नाकातून रक्त आले होते, ते पाऊण तास थांबले नव्हते. ते दोघांनाही या वेळी आठवले, आणि दोघेही बोलले नाहीत. एक मिनिट. दोन. शेजारचा मुलगा रडवेला झाला होता. चौथ्या मिनिटाला आईने फडके उचलले. डाग होता, पण तो वाढत नव्हता.

मुलगा गुडघ्याकडे पाहत होता. “आई, हे निळं होईल?”

“होईल थोडं. पडलं की होतंच.”

त्याने शेजारच्याकडे पाहिले. शेजारच्याने आपली चड्डी वर करून नडगीवरचा एक जुना, पिवळट पडत चाललेला डाग दाखवला. “माझा बघ. परवाचा. सायकलवरून.”

आई घरी जायचे म्हणत होती. वडिलांनी तिला थांबवले नाही आणि पाठिंबाही दिला नाही; दुकानाची अर्धी फळी त्यांना आठवत होती, गिऱ्हाईक येऊन परत गेले असेल, हेही कळत होते. मुलगा उठला, लंगडत घसरगुंडीपाशी गेला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून मागे पाहिले. आईने फडक्याची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

आणखी दोन फेऱ्या झाल्या. ऊन पायरीच्या लोखंडावर चढू लागले, तेव्हा सारे परतले. आजी दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होती. हातपाय धुतल्याखेरीज तिने कोणाला आत घेतले नाही. ताप दुपारी पाहिला, रात्री पाहिला. ९८.४.

सोमवारी दुकान उघडण्यापूर्वी वडिलांनी रोजमेळाची वही काढली. त्या पानावर शनिवारचे आकडे होते. त्याखाली त्यांनी लिहिले: डावा गुडघा, रुपयाएवढा निळा डाग, कारण घसरगुंडी.